परक्याच्या घरात जाणारं घर

आमच्या घराण्यात मालमत्तेचा विषय निघाला की सल्ला थोरल्या काकांचाच. ते निवृत्त तहसीलदार, त्यामुळे बाबासुद्धा त्यांच्यापुढे बोलत नाहीत. बाबांना मृत्युपत्र करून आमचं घर मला आणि दादाला निम्मं निम्मं द्यायचं होतं, म्हणून आम्ही कराडला काकांच्या बंगल्यावर गेलो.

"वेडा आहेस का शरद?" काका म्हणाले. "मुलीला दिलेलं घर परक्याच्या घशात जातं. उद्या हिचा नवरा येऊन तुझ्या हॉलमध्ये पाय पसरून बसेल. सगळं मुलाला लिही."

"काका, मी इथेच बसलेय," मी म्हटलं.

"म्हणूनच सांगतोय. मोठी माणसं बोलताना मध्ये तोंड घालू नये."

बाबांनी मान खाली घातली. माझा वाटा गेलाच होता.

तेवढ्यात काकू चहा घेऊन आल्या. ट्रे ठेवत शांतपणे म्हणाल्या, "यांचं अगदी खरं आहे, भाऊजी. माझ्या वडिलांनी हा बंगला माझ्या नावावर केला, आणि तेव्हापासून एक परका माणूस इथे पाय पसरून बसलाय."

गेटवर पाटी काकांची, म्हणून बंगलाही त्यांचाच, असं मी जन्मभर समजत होते. काकांचा कपाकडे गेलेला हात तिथेच थांबला.

"तो प्रश्न वेगळा आहे," ते कसेबसे म्हणाले.

"वेगळा कसा? परका माणूस बरा निघाला, म्हणून राहू दिला."

बाबांनी मान वर केली आणि पहिल्यांदाच काकांना न विचारता म्हणाले, "निम्मं निम्मंच लिहायचं."