ठिणगीचं कौतुक

विजेच्या तारांखालून ट्रॉलीबस धावायच्या तेव्हाची गोष्ट. एका जुन्या बसच्या टपावरच्या दांड्याला कार्बनचा नवा तुकडा बसवला. वरच्या तारेला घासत तो वीज खाली आणायचा. तारेचा एक सांधा उखडला होता. तिथे निळी ठिणगी उडायची आणि लोक टाळ्या वाजवायचे.

"तारमावशी, सांधा दुरुस्त करून घे. जळतोय मी!"

"इतकी वर्षं कुणाचं अडलं नाही. तुलाच बरं भाजतं!"

"बसआजी, तिथे तरी हळू जा."

"गप रे. आम्हीही सोसलंय."

सोसलं होतं आधीच्या तुकड्यांनी. बस कधी जळलीच नव्हती.

तुकडा जळून संपला. दुसरा बसवला. पहिल्याच ठिणगीला तोही किंचाळला.

"हाही रडकाच निघाला," बस म्हणाली.

"हल्लीची पोरं!" तार म्हणाली.

खाली टाळ्या चालूच होत्या.