पाचवं घर

"सरकारनं माफ केलं, बुवा. मग तुम्हीच का माझ्या दारावरून अजून तसेच पुढं जाता?"

अमृतराव देवसरकरांनी हा प्रश्न मठाच्या पायरीवर चपला काढता काढताच टाकला. वकील माणूस. ताकाला जाऊन भांडं लपवायची त्यांना सवय नव्हती.

धुंडीगिर बुवा ओसरीवर बसून झोळीचा उसवलेला बंद शिवत होते. त्यांनी मान वर केली नाही.

"बस. कागद आणलास?"

"आणलाय ना."

कागद आणला होता, तोही लॅमिनेशन करून. अमृतरावांनी तो फाईलमधून अलगद काढून बुवांच्या हातात दिला. बुवांनी तो उलटा केला, सुलटा केला, उन्हात धरला.

"छान गुळगुळीत आहे. पावसापाण्याला भिजायचा नाही."

हे कौतुक की टोमणा, ते अमृतरावांना कळेना. गावातले बाकीचे लोक कागद बघून हात जोडत होते.

"यात कुणी कुणाला माफ केलंय?"

"सरकारनं मला."

"तू बंदूक सरकारवर रोखली होतीस?"

अमृतराव हसले. अशा प्रश्नांना उत्तरं देऊन देऊन त्यांचे केस पांढरे झाले होते.

"कायद्याच्या नजरेत गुन्हा सरकारविरुद्धच घडतो, बुवा. खटल्याच्या नावातच असतं, सरकार विरुद्ध अमुक अमुक."

"आणि चंदाबाई धोत्रे? ती कोण?"

"साक्षीदार क्रमांक तीन."

बुवांनी सुई दोऱ्यासकट केसांत खोचली आणि पहिल्यांदाच त्यांच्याकडे नीट पाहिलं.

...

घडलं होतं ते सगळ्या गावाला ठाऊक होतं. दोन वर्षांपूर्वी खदानवस्तीतल्या लोकांनी मोर्चा काढला होता. आमची घरं पाडू नका, एवढंच त्यांचं म्हणणं. मोर्चा निघाला होता नगराध्यक्षांच्या घरी, पण वाटेत अमृतरावांचा बंगला लागला आणि गर्दीच्या रेट्यानं त्यांचं फाटक उघडलं. मागच्यांनी ढकललं, पुढचे आत आले. दोन गुलाबांची झाडं तुडवली गेली.

अमृतराव दुनळी बंदूक घेऊन व्हरांड्यात आले. बाकीचे पळाले. सगळ्यांत पुढं चंदाबाई होती. तिला पळता आलं नाही, की ती पळाली नाही, यावर कोर्टात पुढं बराच वाद झाला. बंदुकीचं तोंड तिच्या छातीपासून हातभर अंतरावर होतं. गोळी सुटली नाही. पण तेवढा वेळ ती बाई हात जोडून उभी होती, आणि कुणीतरी त्याचा फोटो काढला.

खटला झाला. चंदाबाईनं साक्ष दिली. अमृतरावांना सजा झाली, अकरा दिवस तुरुंगाचं पिठलं खावं लागलं, मग जामीन मिळाला. पुढं सरकार बदललं. नव्या सरकारातल्या लोकांना अमृतरावांमध्ये एकाएकी घर राखणारा शूरवीर दिसू लागला. सजा माफ झाली, बंदूक परत आली, आणि परवा चौकात शाल, श्रीफळ, बँडबाजा असा सगळा थाट झाला.

एकच गोष्ट पूर्वीसारखी झाली नाही. धुंडीगिर बुवा रोज पाच घरांची भिक्षा मागत. पाचवं घर देवसरकरांचं. वीस वर्षांचा नेम. मोर्चाच्या दुसऱ्या दिवसापासून बुवा त्या फाटकासमोरून चालत जायचे, थांबायचे नाहीत. दुसरं पाचवं घरही त्यांनी धरलं नाही. चार घरांत मिळेल तेवढंच खायचे.

वत्सलाबाई, म्हणजे अमृतरावांच्या पत्नी, रोज बारा वाजता झाकलेलं ताट घेऊन फाटकात उभ्या राहायच्या. बुवा पुढं गेले की ते ताट गाईला घालायच्या आणि स्वतः दुपारी जेवायच्याच नाहीत. त्यांनी एका शब्दानं नवऱ्याला दोष दिला नाही. दिला असता तर बरं झालं असतं. वकिलाला आरोपाचं उत्तर देता येतं. समोर बसून नुसतं पाणी पिणाऱ्या बायकोला काय उत्तर देणार? दोन वर्षांत त्या निम्म्या झाल्या होत्या आणि अमृतराव मनातून धास्तावले होते.

चौकातला सत्कार झाल्यावर घरी येऊन त्यांनी शाल बायकोच्या खांद्यावर घातली होती. वत्सलाबाईंनी ती घडी करून ठेवली.

"गावानं हार घातले, ते पाहिलं मी," त्या म्हणाल्या होत्या. "बुवा फाटकात थांबतील त्या दिवशी मी जेवेन."

म्हणून अमृतराव आज इथं आले होते.

...

"मी घर राखत होतो, बुवा."

"हं."

"फाटक त्यांनी ढकललं. माझ्या आवारात ते आले. मी कुणाच्या घरात नाही गेलो."

"खरंय."

"आणि साक्ष त्या बाईनं दिली. भर कोर्टात बोट करून म्हणाली, हेच ते. ते बोट मी मरेपर्यंत विसरणार नाही."

"बंदूक ती विसरली असेल?"

अमृतरावांचा आवाज चढला. सुंभ जळाला तरी पीळ जात नाही म्हणतात, आणि इथं तर सुंभही धड जळाला नव्हता.

"मग तुमचं म्हणणं काय? मी काय करायचं? सांगा, करतो. वत्सलेनं दोन वर्षं दुपारचा घास घेतला नाही. तिच्याकडं बघवत नाही मला."

बुवांनी केसांतली सुई काढली, बंदाला शेवटची गाठ मारली, दोरा दातानं तोडला आणि झोळी अमृतरावांच्या मांडीवर ठेवली.

"चार घरं मी मागून येतो. आजचं पाचवं तू माग."

"कुणाचं?"

"साक्षीदार क्रमांक तीनचं."

अमृतराव झोळीकडं बघत राहिले.

"मी? खदानवस्तीत? झोळी घेऊन?"

"गाडी घेऊन गेलास तर मोठ्या घरची भिक्षा मिळेल. पायी जा."

"तिची माफी मागायची का?"

"मी भिक्षा म्हणालो."

"काय बोलायचं?"

"माई, भिक्षा. दोन शब्द पुरेत. जे मिळेल ते जसंच्या तसं घेऊन ये."

...

वाटेत अमृतरावांनी भाषण तयार केलं. नुसती भिक्षा मागून परतणं त्यांच्या बुद्धीला पटेना. झालं गेलं विसरून जाऊ, असं सुरुवातीला म्हणावं. मग स्वतःची बाजू मांडावी, थोडक्यात. मग तिच्या घराच्या केसचं काही कायदेशीर काम असेल तर ते फुकट करून देऊ म्हणावं. हे शेवटचं त्यांना फार आवडलं. पुलापर्यंत येईतो त्यांचं त्यांनाच बरं वाटू लागलं.

वस्तीतली निम्मी घरं पाडून झाली होती. लोकांनी त्याच दगडांवर पत्रे टाकून पुन्हा संसार मांडले होते. झोळीवाला माणूस बघून कुणी वळून पाहिलं नाही. या माणसाला कोर्टाच्या आवारात शंभर लोक रोज नमस्कार करायचे, पण खांद्याला झोळी आली आणि तोंड कुणाला दिसेनासं झालं.

चंदाबाईचं दार म्हणजे जुन्या लुगड्याचा पडदा. आत भांड्यांचा आवाज येत होता.

अमृतराव दारापासून हातभर अंतरावर उभे राहिले. उन्हानं डोकं तापलं होतं. घसा खाकरला. आतला आवाज थांबला नाही.

हाक मारायला तोंड उघडलं आणि त्यांच्या लक्षात आलं की आपल्याला भीती वाटते आहे. पडदा सरकेल, ती बाई बाहेर येईल, ओळखेल. मग ती काय करेल? काहीही करू शकते. दार तिचं आहे.

"माई..."

ज्या आवाजानं भले भले साक्षीदार फुटायचे, तो आवाज शेजारच्या कोंबडीलाही ऐकू गेला नाही. त्यांनी पुन्हा हाक दिली.

"माई, भिक्षा."

आतून तीन शब्दांचं उत्तर आलं. बाई कामात होती, बाहेर आली नाही. हे शब्द कुठलीही घरधनीण आल्या गेल्या मागत्याला सांगते. स्वतः अमृतरावांनी पेपरातून डोकं न काढता हजार वेळा सांगितले असतील.

ते तसेच उभे राहिले. भाषण कुठल्या कुठं गेलं.

"ऐकलं न्हाई का, बाबा?" आतून पुन्हा आवाज आला. आवाजात राग नव्हता, थोडा ओशाळेपणा होता. "आताच खदानीवरनं आले. चूल बी पेटली न्हाई अजून."

अमृतराव मागं फिरले.

...

बुवा चार घरांचं अन्न झाकून ठेवून बसले होते. जेवले नव्हते.

अमृतरावांनी झोळी त्यांच्यासमोर ठेवली. ती रिकामी होती. पायांना फोड आले होते, डोळे लाल झाले होते.

"काय मिळालं?" बुवांनी विचारलं.

"काही नाही. नाही म्हणाली ती."

"नाही म्हणाली?"

"म्हणजे... तसं नव्हे."

"वकील आहेस ना? साक्ष जशीच्या तशी सांग."

रिकाम्या झोळीकडं बघतच अमृतराव म्हणाले,

"'माफ करा, बाबा' म्हणाली."

...

बुवांनी पानावरचं झाकण काढलं, पण घास उचलला नाही.

"मग? केलंस?"