विसरामाचं गाऱ्हाणं

फार वर्षांपूर्वी, सडवलीचं देऊळ अजून गवतानं शाकारलेलं होतं तेव्हा, त्या गावात विसराम नावाचा माणूस राहत होता. अंगानं धिप्पाड, जोडीतला एक बैल बसला तर स्वतः जूला खांदा लावील असा. पण बोलायला लागला की शब्द त्याच्या घशात रुतायचा. मान ताठ व्हायची, डोळे मिटायचे, आणि तेवढ्यात समोरचा माणूस त्याचं वाक्य पुरं करून मोकळा व्हायचा. विसरामाला हवं असायचं मीठ, दुकानदार हातावर ठेवायचा गूळ, आणि हा मुकाट्यानं गूळ घेऊन घरी जायचा. त्याच्या घरची आमटी गोडसर असायची, असं म्हणतात.

सगळ्यात अवघड होतं त्याचं स्वतःचं नाव. आठवड्याच्या बाजारात कोणी नाव विचारलं की तो ‘गणू’ असं सांगायचा, कारण ते जिभेवरून पटकन सुटायचं. आसपासच्या गावांत लोक त्याला गणूच समजत. ‘अरे गणू’ म्हणून हाक आली की विसराम वळून बघायचा, आणि मग दिवसभर त्याला स्वतःची लाज वाटत राहायची.

आता ह्या विसरामाच्या घराण्याकडे गावचा मोठा मान होता. पेरणीआधी सगळा गाव रवळनाथाच्या देवळात जमायचा आणि त्या घरातला कर्ता पुरुष देवापुढे उभा राहून गावाच्या वतीनं गाऱ्हाणं घालायचा. आधी स्वतःचं नाव सांगायचं, मग एकेक मागणं. प्रत्येक मागण्याला गाव ‘व्हय म्हाराजा’ म्हणायचा. नंतर गुरव देवाच्या मूर्तीवर पाण्यानं दोन पाकळ्या चिकटवायचा. उजवी पडली तर देवाचा होकार, डावी पडली तर नकार. हा कौल मिळाल्याशिवाय सडवलीत कोणी नांगर धरत नसे.

विसरामाचा बाप जिवबा वारला आणि मान विसरामाकडे आला. गाव काळजीत पडला. गाऱ्हाण्यात खंड पडला तर वर्ष वाईट जातं, ही तिथली जुनी समजूत. जाणत्यांच्या बैठकीत तातू गावकारानं तोड काढली. विसरामाचा चुलतभाऊ आंतू जिभेचा मोठा चलाख होता.

“तू निसतो उभो रव, तोंड हलय,” तातू विसरामाला म्हणाला. “मागसून बोलतलो आंतू. देवाक काय कळाचा नाय.”

देवाला कळणार नाही, असं त्या बैठकीत एकजात सगळ्यांना वाटलं, ह्याचंच मला नवल वाटतं. विसरामालाही तेव्हा बरंच वाटलं. सुटलो, असं तो मनात म्हणाला.

गाऱ्हाण्याचा दिवस आला. विसराम पुढे उभा राहिला, ओठ हलवत राहिला, आणि मागून आंतूनं गाऱ्हाणं असं खणखणीत म्हटलं की म्हातारी माणसं माना डोलवायला लागली. गुरवानं पाकळ्या लावल्या. गाव बघत बसला. उजवी पडेना, डावीही पडेना. मूर्तीवरचं पाणी वाळून गेलं तरी पाकळ्या जागच्या हलल्या नाहीत. गुरवानं त्या काढून नव्या लावल्या, त्याही तशाच राहिल्या. दुसऱ्या दिवशीही तेच झालं, आणि तिसऱ्याही. तिकडे शेजारच्या गावांत पेरण्या सुरू झाल्या होत्या आणि सडवलीत बियाणं कणगीतच पडून होतं.

तेव्हा विसरामाची आई भागीरथी देवळाच्या पायरीवर येऊन उभी राहिली. गावकऱ्यांसमोर सहसा न बोलणारी बाई ती. म्हणाली, “देवाक जेचा नाव ऐकूचा आसा, तेनाच तोंड उघडूक व्हया.”

तातू गावकार म्हणाला, “आणि जमला नाय तर? मग मान आंतूच्या घराक जातलो, कायमचो.”

सगळे विसरामाकडे बघायला लागले. बापाचा, आज्याचा मान त्याच्या जिभेवर येऊन बसला होता. त्याला पळून जावंसं वाटलं. पण त्या ओठ हलवण्याची शरम त्याच्या अंगावर अजून ओली होती. गणू होऊन बाजार करता येतो, पण देवापुढे उभं राहता येत नाही, हे त्याला त्या क्षणी कळलं.

“मी ब-ब-बोलतलंय,” तो म्हणाला. “पण माझो श-शबुद कोणी उचलू न-नकात.”

गाव मागे सरला. विसराम देवापुढे उभा राहिला आणि म्हणाला, “बा देवा म्हाराजा, मी जिवबाचो झील वि...” आणि तिथे अडकला.

त्याची मान ताठली, डोळे मिटले. सवयीनं माणसांच्या तोंडात त्याचं नाव येऊन थांबलं होतं. आंतूनं तर दोन्ही हातांनी स्वतःचं तोंड दाबून धरलं. असं म्हणतात, तेव्हा गावावरच्या सड्यावरचा, त्या उघड्या कातळमाळावरचा वारा थांबला. समईची ज्योत ताठ उभी राहिली. खाली खाडीत ओहोटी लागली होती, ती निम्म्यावर थबकली, आणि चिखलात पाय रोवलेले बगळे मान वर करून देवळाकडे बघत राहिले. किती वेळ, ते कोणी मोजलं नाही. गावानं त्याच्यासाठी वाट बघण्याची ती पहिलीच वेळ होती. विसरामाला ते जाणवलं, आणि आयुष्यात पहिल्यांदा त्याला घाई वाटेनाशी झाली.

“...वि-वि-विसराम,” तो म्हणाला.

आणि गुरवानं नव्या पाकळ्या लावण्याआधीच मूर्तीवर चिकटून राहिलेली उजवी पाकळी खाली पडली.

गाव ‘व्हय म्हाराजा’ म्हणाला, तो आवाज खाडीपार गेला. मग विसरामानं सगळं गाऱ्हाणं घातलं, अडत, थांबत, एकही मागणं न गाळता. शेवटी ‘जा काय वाकडा असात ता सरळ कर’ असं मागायची रीत आहे. तिथे तातू गावकाराला भरून आलं आणि तो मधेच म्हणाला, “आणि देवा, आमच्या विसरामाची जीभ पण सरळ कर.”

विसराम मागे वळला. “ती वा-वाकडी नाय,” तो शांतपणे म्हणाला. “ती म-माझी आसा.”

तातूनं मान खाली घातली आणि सगळ्यांआधी तोच म्हणाला, “व्हय म्हाराजा.”

खाडीपलीकडचे लोक सांगतात की त्या दिवशी देवानं विसरामाची जीभ मोकळी केली. त्यांना सांगू द्या. सडवलीकर हे ऐकून घेत नाहीत. विसराम म्हातारा होऊन मरेपर्यंत तसाच अडखळत बोलला, दरवर्षी तसाच गाऱ्हाणं घालत आला, आणि बाजारात नाव विचारलं की विचारणाऱ्याला थांबवून ठेवून आपलं नाव सांगत राहिला. त्याच्या घरची आमटीही त्यानंतर सुधारली, असं म्हणतात.

आज देवळावर स्लॅब आहे आणि गाऱ्हाण्याला माईक असतो. गाऱ्हाणं घालणारा विसरामाच्याच वंशातला, चांगला घडाघडा बोलणारा. पण ‘मी’ म्हटल्यावर, स्वतःच्या नावाआधी, तो थांबतो. सगळा गाव थांबतो. मुंबईहून आलेली पोरं मोबाईल खाली ठेवतात. त्या गावात एरवीही कोणी कोणाच्या तोंडातला शब्द उचलत नाही, त्यामुळे तिथली भांडणंसुद्धा फार वेळ चालतात. नवा पाहुणा कधी विचारतो, हा माणूस मधेच का थांबला, नाव विसरला की काय?

तेव्हा शेजारी बसलेली एखादी म्हातारी त्याच्या गुडघ्यावर हात ठेवते आणि म्हणते, “वायच थांब. विसराम बोलता आसा.”