रुंद दार

कराडच्या इंदूताई बोंगाळेंनी दुरुस्तीच्या खर्चासकट कर्ज काढून जुनं घर घेतलं. लुळ्या पडलेल्या नवऱ्याची चाकाची खुर्ची आत यावी, म्हणून सगळ्यात आधी दार रुंद करून घेतलं. राहायला आल्यावर आठव्याच दिवशी, खुर्ची यायच्या आत, नवरा गेला.

कर्जाचा शेवटचा हप्ता देण्याआधी बँकेचे निरीक्षक ताठ मानेने काम तपासायला आले. दाराला टेप लावून म्हणाले, "खुर्चीच नाही, तर एवढं दार कशाला? वापरात नसलेलं काम मी मंजूर करत नसतो."

इंदूताई चौकटीवर हात ठेवून म्हणाल्या, "एकदा वापरलं, साहेब. चौघांनी ह्यांना उचलून बाहेर नेलं, तेव्हा एकालाही अंग चोरावं लागलं नाही."

निरीक्षकांनी सही केली. जाताना मात्र त्या रुंद दारातूनही ते अंग चोरून बाहेर पडले.