टाकीखालचं माहेर

खाडीच्या काठावर एक लहानसं गाव होतं. तिथे यमुनाबाई राहत. त्यांचे धाकटे दीर भार्गव जहाजावर इंजिनाचं काम करून निवृत्त झाले आणि घरी परतले. समुद्र सुटला, पण त्याची ओढ काही सुटली नाही. त्यांनी माजघरात खाऱ्या पाण्याची काचेची टाकी मांडली. तिच्यात दगड रचले आणि मित्राच्या टाकीत वाढलेल्या प्रवाळाचे तुकडे त्यांवर बसवले. प्रवाळ फुलांसारखे उमलले. चार-पाच मासेही आले. त्यांतला एक बोटभर लांबीचा, निळ्या-हिरव्या नक्षीचा होता. यमुनाबाईंनी त्याचं नाव ठेवलं मोरू.

चातुर्मास लागला. पूर्वी दारात गाय होती, तेव्हा गोग्रास दिल्यावाचून यमुनाबाई जेवत नसत. आता गाय नव्हती. मग त्यांनी नेम धरला, की टाकीतल्या जिवांना घास घालायचा आणि मगच आपण पानावर बसायचं. रोज कणकेच्या बारीक गोळ्या करून त्या मोठ्या भक्तीने पाण्यात सोडू लागल्या.

बाकीचे मासे गोळ्यांवर तुटून पडत. मोरू मात्र ढुंकूनही बघेना. उरलेली कणीक दगडांच्या फटींत कुजू लागली. पंधरा दिवसांत काचेवर शेवाळ धरलं, प्रवाळ मिटले आणि मोरूचं पोट खपाटीला गेलं.

"भावोजी, याला कोणाची दृष्ट लागली हो?"

"दृष्ट नाही वहिनी, तुमचं पुण्य लागलंय," भार्गव हसून म्हणाले. "कणीक कुजून पाणी बिघडलं."

यमुनाबाईंचे डोळे भरून आले. "माझ्या हातून जीव जातो की काय?"

"तसं नका म्हणू. चूक माझीही आहे. मोरू नुसते हलते किडे टिपतो, डोळ्यांना जेमतेम दिसणारे. ते वाढायच्या आत हे बाकीचे फस्त करतात. त्याच्या जेवणाची सोय मी आधीच करायला हवी होती."

भार्गवांनी मोठ्या टाकीच्या खाली एक लहान टाकी ठेवली. वरचं पाणी नळीतून खाली यायचं आणि छोट्या पंपाने परत वर जायचं. खालच्या टाकीत त्यांनी मित्राकडून आणलेला हिरव्या समुद्री शेवाळाचा गुंता सोडला. त्यात ते बारीक किडे होतेच. दोन्ही टाक्यांवर दिवे होते; रात्री वरच्या टाकीचा मालवला की खालच्या टाकीचा लागे. यमुनाबाईंना तो नंदादीपच वाटला.

"यात मासा एकही नाही?"

"एकही नाही. हे किड्यांचं माहेर. इथे ते निर्धास्त वाढतील आणि पाण्याबरोबर थोडे थोडे वर जातील. शेवाळ पाण्यातली घाण शोषून घेईल. फक्त दीड महिना इथे कोणी हात घालायचा नाही. तुम्ही तर नाहीच नाही!"

"अहो, मग मी घास कोणाला घालू?"

"घालूच नका. बाकीच्या माशांचं मी बघतो. हात आवरा. यंदा तेच व्रत समजा."

यमुनाबाईंनी कणीक घालणं बंद केलं. शिवाय मनाशी ठरवलं, की मोरू पोटभर जेवेपर्यंत भात खायचा नाही. भाताशिवाय त्यांना जेवल्यासारखं वाटत नसे.

तीन आठवडे गेले. खालच्या काचेवर रव्याच्या कणांसारखे ठिपके सरपटू लागले. त्यांतला एखादा चुकून वर येई, तेवढ्यावर मोरू तग धरून होता. एके दिवशी भार्गव टाकीसाठी मीठ आणायला तालुक्याला गेले. दुपारी यमुनाबाई बघतात तो मोरू कोपऱ्यात निपचित पडलेला. त्यांना राहवलं नाही. त्यांनी वाटी बुडवली आणि तो न धडपडता वाटीत आला.

"खाली ताट वाढलेलं, आणि माझं लेकरू उपाशी!"

वाटी खालच्या टाकीवर आली. आता नुसती कलती करायची.

तेवढ्यात त्यांची नजर त्या ठिपक्यांवर गेली. केवढेसे ते! चार दिवसांत मोरू सगळे संपवील. आणि पाचव्या दिवशी? त्यांना आपली लेक आठवली. लहानपणी ती दह्याच्या शेवटच्या चमच्यासाठी रडून गोंधळ घालायची. पोटात तुटायचं, तरी तो चमचा त्यांनी कधी दिला नाही. ते विरजण होतं. तेच खाल्लं, तर उद्या दही कशाचं लावणार?

त्यांनी मोरूला अलगद वरच्या टाकीत सोडलं आणि दोन्ही हात मांडीत घट्ट धरून नाम घेत बसल्या.

भार्गव परतले. ओली वाटी बघून त्यांनी हातातली पिशवी तशीच खाली ठेवली. "वहिनी, सोडलंत त्याला खाली?"

"हात तिथवर गेला होता," त्या म्हणाल्या. "परत आला."

आणखी तीन आठवड्यांनी पाणी नितळ झालं, प्रवाळ पुन्हा उमलले. एका सकाळी मोरू दगडावरून सरकताना दिसला. त्याने एक टिपलं, दुसरं टिपलं, मग थांबेचना.

"भावोजी, लवकर या! जेवतोय हो, जेवतोय!"

त्या दिवशी यमुनाबाईंनी आपल्या पानावर वाफाळता भात वाढून घेतला. पहिला घास घेण्याआधी त्यांनी हात जोडले ते देवाला, आणि मग त्या खालच्या टाकीलाही.

तात्पर्य: भुकेल्याची दया जरूर यावी; पण जिथून त्याचा रोजचा घास येणार, ती जागा त्या दयेपोटीही रिकामी करू नये.