कारवीच्या कळ्या

सह्याद्रीत माणसाची पायवाटसुद्धा नव्हती, तेव्हाची गोष्ट. तिथल्या रानात एक रिवाज होता. सात वर्षांनी कारवी फुलली, की सगळी उधारी माफ. रिवाज वाघोबाराजानं घातला होता, कारण सगळ्यात मोठी उधारी त्याचीच होती.

एकदा कारवीला कळ्या दिसताच लखू वानर झोळी घेऊन निघाला. "फणसाच्या आठळ्या उसन्या द्या हो, पुढच्या महिन्यात परत करतो!"

साळिंदरानं कळ्यांकडे पाहिलं आणि ते गुपचूप बिळात शिरलं. अस्वलाला अचानक झोप लागली. शेकरूमावशीनं मात्र झोळी काठोकाठ भरली.

थोड्याच दिवसांत डोंगर जांभळा झाला. लखू फांदीवर नाचत ओरडला, "मावशी, कारवी फुलली! उधारी माफ!"

"कसली उधारी रे?" मावशी म्हणाली. "कळ्या मलाही दिसत होत्या. आठळ्या मी तुला अशाच दिल्या, खायला."

लखूचं तोंड उतरलं. उधारी फुलांनी फिटली असती. हे आता कशानं फिटायचं? तेव्हापासून मावशीचे फणस उतरवायला तो न बोलावता हजर असतो.

हे ऐकून वाघोबानं आपल्या कारभारी कोल्ह्याला बजावलं, "उसनं कुणाकडूनही आण, फक्त त्या मावशीकडून नको!"