चेक्ड

"पण सर, धावपट्टी डोळ्यांसमोर लख्ख दिसतेय म्हटल्यावर उंचीचे आकडे कशाला बघत बसायचं?"

सौमित्र चौबळने विचारलं. विचारलं कसलं, ऐकवलंच.

परीक्षा घ्यायला आलेले वर्तक सर चष्मा पुसत राहिले...

चौबळचं कॅप्टनपद गेल्याच महिन्यात काढून घेतलं होतं. गजबजलेला विमानतळ, स्वच्छ ऊन, पुढे एक विमान, बाजूला दुसरं. त्यांच्यावर नजर ठेवता ठेवता हा पठ्ठ्या इतका खाली आला, की टॉवरवाला ओरडला म्हणून खालची वस्ती वाचली. आता वर्तक सर 'हो' म्हणाले तर पद परत, नाहीतर जन्मभर दुसऱ्या कुणा कॅप्टनच्या शेजारी बसायचं. धास्ती होतीच. पण ती दाखवेल तो चौबळ कसला!

"बस," सर म्हणाले.

सरावाचं नकली कॉकपिट होतं ते. सर शेजारच्या खुर्चीत बसले.

"मशीनचा आवाज बंद केलाय. उंची मीच सांगेन. तू आपलं नेहमीसारखं..."

"माहितीये सर."

शेजारच्याने उंची सांगायची, चालवणाऱ्याने आकड्यावर नजर टाकून 'चेक्ड' म्हणायचं. हे काय आता त्याला शिकवायला हवं होतं?

काचेवर विमानतळ उमटला. ढग नाही, धुकं नाही. पुढे एक विमान उतरत होतं, डावीकडून दुसरं येत होतं.

"पुढचं दिसतंय?"

"दिसतंय."

"डावीकडचं?"

"तेही दिसतंय हो सर!" चौबळला हसूच आलं.

"एक हजार."

"चेक्ड."

विमान खाली येत होतं. पुढचं विमान उतरून बाजूला वळलं. चौबळने मान वाकडी करून डावीकडच्यावर डोळा ठेवला.

"बाराशे."

"चेक्ड."

धावपट्टी जवळ आली, रुंद झाली.

"पंधराशे."

"चेक्ड."

चाकं टेकली. धक्कासुद्धा बसला नाही.

"बघितलंत? आता तरी 'हो' म्हणा!"

सरांनी फक्त उंचीच्या आकड्यावर बोट ठेवलं.

चौबळचं हसू हळूहळू मावळलं.

"सर... शेवटी तुम्ही पंधराशे म्हणालात?"

"म्हणालो."

"खाली येताना... आकडे वाढत होते?"

"तू काय म्हणालास?"

चौबळला भयंकर लाज वाटली, आणि त्याहून जास्त भीती.

"म्हणजे... पद नाही?"

सरांनी नकारार्थी मान हलवली, पट्टा सोडला आणि उठून दार उघडलं. चौबळही खुर्चीतून उठू लागला.

"अरे, जपून उतर," सर म्हणाले. "पंधराशे फुटांवर आहोत आपण."